एका रात्रीचे दोन पूर

२१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद होती. कोरोनाच्या दिवसांतली ईद. नमाज घरीच झाली, शेजारीपाजारी गोश्ताचे वाटे पोचवून झाले आणि त्याच रात्री चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले.

पहाटे आमच्यापैकी एक बाजारपेठेतल्या दुकानात माल वर चढवायला गेला. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. तिच्यावर कापडाचे गठ्ठे रचले की झाले, असा हिशेब. दुसरी घरी थांबली, म्हाताऱ्या अम्मी आणि सहा वर्षांच्या मुलीसोबत. पाणी त्या खुणेच्याही वर गेले. एक दुकानाच्या माळ्यावर अडकला, दुसरी घराच्या. फोन बंद. भेट झाली ती दुसऱ्या दिवशी, चिखलात.

सगळे वाचलो. लोक म्हणाले, अल्लाहचे शुक्र माना. आम्ही मानले. दुकान पुन्हा उभे केले. पण घरातले बोलणे संपले. पावसाचा आवाज आला की ती उठून दाराखाली हात लावून पाही. तो उशिरा घरी येई आणि क्षुल्लक गोष्टीवरून भडके. 'तुम्ही कापडासाठी आम्हाला टाकून गेलात' हे वाक्य तिने कधी उच्चारले नाही, पण रोज ताटात तेच वाढलेले असे. पुढच्या पावसाळ्यात तिने माहेरी जायला बॅग भरली. मोठ्यांनी समजावले, सबर करा.

सबर आम्ही करतच होतो. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रत्नागिरीच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवले. लोक वेडे म्हणतील, या भीतीने आम्ही घरी सांगितले, लग्नाला जातो.

वाटले होते, पहिल्याच दिवशी त्या रात्रीविषयी विचारतील. बाईंनी ते विचारलेच नाही. दोघांना वेगवेगळे बसवून झोप, भूक, छातीतली धडधड विचारली. घरात हात उगारला जातो का, जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारले. जिथे मारहाण आहे तिथे जोडप्याला समोरासमोर बोलते करणे धोक्याचे असते. इथे बोललेले घरी गेल्यावर अंगावर येते. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी गेले नाही. औषध लागेल का, ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतील, असेही त्यांनी सांगितले.

पहिले काही आठवडे श्वास सावकाश सोडणे, पाय जमिनीला टेकवणे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घेणे, एवढेच. पोरखेळ वाटला. नंतर कळले, ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली आपल्या पुस्तकात हाच क्रम मांडला आहे : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा नाते.

मग ती रात्र तुकड्यातुकड्याने सांगितली, तीही वेगवेगळी. त्या दिवसांत झोप आणखी बिघडली. असे होऊ शकते, झेपले नाही तर थांबू, हे बाईंनी आधीच बजावले होते.

तीन महिन्यांनी दोघांना एकत्र बसवले. नियम एकच : एकाने बोलायचे, दुसऱ्याने उत्तर न देता ऐकलेले परत सांगायचे. तो म्हणाला, कुणीतरी ओरडून सांगितले की तुमच्या गल्लीतली घरे गेली. रात्र उजाडेपर्यंत त्याने घरच्या तिघींना मेलेलेच धरले होते. हे परत सांगताना तिचा आवाज फुटेना. मग ती म्हणाली, मुलगी विचारत होती, अब्बा कधी येणार, आणि अम्मी कलमा पढत होत्या. ते त्याने परत सांगितले आणि म्हणाला, 'मी चुकलो.'

माफी त्याच दिवशी मिळाली नाही. त्याला आणखी दोन महिने लागले. पण एकाच रात्री दोन पूर आले होते, हे आम्हाला कळले.

उपचाराने आठवण पुसली जात नाही. ती मागे पडते, रोज घरात शिरत नाही. दुआ आमची चालूच आहे. बाईंनी ती कधी सोडायला सांगितली नाही. ज्यांना कुठे जावे कळत नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ वर मराठीतही बोलता येते.

जुलैत अजूनही ती रात्री उठते. आता तोही उठतो. दोघे मिळून दाराखाली हात लावून पाहतो. जमीन कोरडी असते. मग चहा टाकतो.