दादांच्या पत्रांचे दप्तर

इंदुरातील आमच्या जुन्या घरी ओसरीच्या खुंटीला एक लोखंडी तार टांगलेली असे. आलेले पत्र सर्वांचे वाचून झाले, की वडील ते त्या तारेत ओवून ठेवीत. निधनवार्तेचे पत्र तेवढे घरात ठेवायचे नाही, असा दंडक होता. बाकी लग्न, बारसे, परीक्षेचा निकाल, सारे कुटुंब त्या तारेवर नांदत असे.

आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त पुण्यास गेले आणि तिकडचेच झाले. २००६ पासून त्यांची पत्रे ई-मेलने येऊ लागली. परंतु मायना आणि शेवटचे ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ त्यांनी कधी सोडले नाही. आम्हीही वडिलांचा वसा घेतला. वेबमेलमध्ये ‘दादा’ नावाचा फोल्डर उघडला आणि प्रत्येक पत्र त्यात ठेवीत गेलो. २०१९ साली दादा गेले आणि त्या फोल्डरात नवे पत्र येणे थांबले.

पुढे दृष्टी मंदावली. वेबमेलची बारीक अक्षरे सोसेनात. म्हणून थंडरबर्ड हा टपालाचा प्रोग्राम आम्ही संगणकावर बसविला आणि कोणाचीही मदत न घेता बसविला, याचा अभिमानही मिरविला. तो अभिमान चहा निवेपर्यंतही टिकला नाही. इनबॉक्समधील पत्रे आली, पण ‘दादा’ कोठेच दिसेना! तेरा वर्षांची पत्रे आपल्या हातून पुसली गेली, या विचाराने आमच्या पायांतले बळच गेले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. पण त्यांचे ते न बोलणे अधिक लागले.

पुण्यास पुतण्याला फोन केला. त्याने एवढेच विचारले, “काका, खातं जोडताना पीओपी निवडलंत की आयमॅप?” आम्ही पीओपी निवडले होते; नाव आखूड वाटले म्हणून!

मग त्याने उलगडून सांगितले. पीओपी म्हणजे घरी पत्रे टाकणारा पोस्टमन. त्याला इनबॉक्स तेवढा ठाऊक. तुम्ही केलेले कप्पे त्याच्या गावीही नसतात. शिवाय ‘प्रत सर्व्हरवर राहू द्यावी’ अशी खूण केलेली नसेल, तर पत्र घरी पोचवून तो तिकडचे काढून टाकतो. आयमॅपची रीत निराळी. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड येथे रचली. तीत पत्रे कचेरीतच राहतात आणि तेथील सारे कप्पे आपल्याला घरबसल्या दिसतात. म्हणजे ‘दादा’ जागच्या जागी होता. आम्हीच चुकीच्या दाराशी उभे होतो.

थंडरबर्डमध्ये पीओपीचे खाते आयमॅपमध्ये बदलता येत नाही. नवे जोडावे लागते. ते जोडले, येणाऱ्या टपालासाठी ९९३ हा पोर्ट भरला. कप्पे आले, पण ‘दादा’ नाहीच. “खात्याच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबा, सबस्क्राइब म्हणा,” पुतण्या म्हणाला. थंडरबर्ड एरवी सबस्क्राइब केलेले फोल्डरच दाखवितो. यादीत ‘दादा’ होता. समोर खूण केली आणि तेरा वर्षे डाव्या बाजूस येऊन उभी राहिली. आम्ही चष्मा पुसला. तो खरोखरच धुरकटला होता.

दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. आपली पाठविलेली पत्रे कोठे ठेवावीत, हे ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये नीट नेमून द्यावे. आमच्याकडे ‘सेंट’ नावाचे दोन कप्पे झाले होते. दादांची पत्रे एकीकडे आणि आमची उत्तरे दोहोंत वाटलेली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आयमॅप ही खिडकी आहे, तिजोरी नव्हे. येथे पुसलेले पत्र तेथेही पुसले जाते. म्हणून आम्ही तो फोल्डर ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून घेतला (हलविला नाही, प्रत केली) आणि आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली.

आता रविवारी दुपारी आमची नात त्यातील एक पत्र मोठ्याने वाचते. तिची शाळा हिंदी-इंग्रजीची. ‘ळ’पाशी ती हमखास अडखळते. परवा तिने विचारले, “आजोबा, वृद्धिंगत म्हणजे काय?” आम्ही अर्थ सांगितला. ती म्हणाली, “मग पुढचं पण वाचू?”

त्याच फोल्डरात, सर्वांत शेवटी, दादा गेल्याचे पुतण्याचे पत्र आहे. वडिलांच्या दंडकाप्रमाणे ते ठेवावयास नको होते. आम्ही ते राहू दिले आहे.