केडगावचे ‘मुक्ती’ : सुटकेनंतरचे घर

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी. डब्यात निम्मे नोकरदार, निम्मे बाजारकरी. हडपसर, लोणी, उरुळी, यवत ही स्टेशने मागे पडतात, तसा दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. समोर बसलेल्या मावशींनी मांडीवरची पिशवी सावरत विचारले, “केडगावला उतरायचंय ना? मग बेटात का मिशनात?”

केडगावला येणाऱ्या परक्या माणसासाठी हा प्रश्न अगदी साहजिक. ‘बेट’ म्हणजे नारायण महाराजांचे दत्तस्थान आणि ‘मिशन’ म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. मी ‘मिशनात’ म्हणताच मावशी म्हणाल्या, “जा बाई. लई बायकांचं माहेर हाय ते.”

माहेर! हा शब्द मनात घेऊनच मी मिशनच्या फाटकातून आत शिरले. बाहेरच्या रस्त्यावरची वर्दळ इथे एकदम कमी होते. झाडे, चर्च, शाळा, राहण्याच्या इमारती. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ही जागा म्हणजे एक उघडी शेतजमीन होती, हे मुद्दाम आठवावे लागते.

रमाबाईंनी विधवांना शिकवले, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण त्यांच्या कामाची एक बाजू घराघरांत फारशी बोलली जात नाही. फसवून, विकून वाईट मार्गाला लावलेल्या स्त्रियांसाठीही त्यांनी दार उघडले होते.

त्याची सुरुवात झाली ती दूर लंडनमध्ये. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे उतरल्या. या भगिनींचे फुलहॅमला एक काम चालत असे. ज्यांना समाज ‘पतिता’ म्हणून झिडकारतो, अशा बायकांना तिथे आसरा मिळे. एके काळी तिथे आधाराला आलेल्या काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. शास्त्रे मुखोद्गत असलेली ही विदुषी थक्क झाली. अशा बायकांची एवढी काळजी का घेता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना बायबलमधली येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयात या भेटीचा मोठा वाटा होता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले.

भारतात परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. १८९५ मध्ये साध्वीच्या वेषात त्या वृंदावनला जाऊन राहिल्या. तिथे त्यांना जे दिसले ते भयंकर होते. पुण्य मिळेल असे सांगून गावोगावच्या तरुण विधवांना तीर्थाला आणायचे, जवळचा पैसा-दागिना संपला की त्यांना पुरुषांच्या हवाली करायचे आणि वय झाले, आजार जडला की रस्त्यावर सोडून द्यायचे. भक्तीच्या आडून चाललेला तो सरळसरळ व्यापार होता.

पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. उपाशी मुलीची अवस्था त्यांना कुणी सांगायला नको होती. त्या मध्य प्रांतात गेल्या. अन्नाच्या आशेने भटकणाऱ्या मुलींवर दलालांची नजर होती. मूठभर धान्यासाठी पोरी विकल्या जात होत्या. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. पण पुण्यात प्लेग होता. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. तेव्हा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून घेतलेली केडगावची शेतजमीन कामी आली. तंबू ठोकले गेले. १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ उभे राहिले आणि पुढे वाईट मार्गातून सुटून आलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ही निघाले.

रमाबाईंचे खरे मोठेपण मला दिसले ते यापुढच्या गोष्टीत. आणलेल्या बायकांना नुसते जेवूखाऊ घालून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शिवण, तेलाची घाणी, गोठा, शेती, सगळे बायकांनी शिकायचे. छापखान्यात खिळेही त्यांनीच जुळवायचे. अंध स्त्रियांसाठी कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल आणली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले बायबल याच छापखान्यात, याच बायकांच्या हातांनी छापले गेले. मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या, तर रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच वारल्या.

या कामावर वादही झाला. मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावचे काम तर उघडपणे ख्रिस्ती होते. आजही हा प्रश्न कुणाच्या मनात येईल आणि तो विचारायला हरकत नाही. पण त्यासोबत दुसराही प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. त्या मुलींना न्यायला तेव्हा दलालांखेरीज आणखी कोण आले होते? धोंडो केशव कर्व्यांचे विधवांसाठीचे काम १८९६ मध्ये सुरू झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई या शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी, हेही विसरता येत नाही.

स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध देशात १९५६ पासून कायदा आहे. तरी नोकरीचे, लग्नाचे आमिष दाखवून मुली आजही नेल्या जातात. छापा पडतो, सुटका होते, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. मग पुढे काय? घरचे दार बंद, हाताला काम नाही. अशा वेळी सुटलेली मुलगी पुन्हा त्याच गल्लीत पोचते. केडगावने याचे उत्तर फार पूर्वी दिले. सुटका एका दिवसात होते, त्यानंतर मात्र वर्षानुवर्षे पुरेल असे घर लागते.

मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना सांभाळते. हे पर्यटनस्थळ नव्हे, कुणाचे तरी घर आहे. जायचे तर आधी परवानगी घ्यावी आणि राहणाऱ्यांचे फोटो काढू नयेत. मीही कॅमेरा पिशवीतच ठेवला होता.

परतीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसले होते. मावशींचे शब्द पुन्हा आठवले. लेक कशीही परत आली तरी ‘का आलीस’ असे न विचारता जिथे आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, त्यालाच आपण माहेर म्हणतो.