काठावरचा माणूस

दिवाळीच्या सुमारास आमच्या कोकणात पाणी जितके देखणे असते, तितके ते वर्षात दुसऱ्या कोणत्याही वेळी नसते. पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसलेला असतो, पऱ्हे अजून झुळझुळत असतात, बावी वरपर्यंत भरलेल्या असतात, आणि कातळावरच्या डबक्यातसुद्धा आकाश स्वच्छ दिसते. नेमकी याच वेळी शाळांना सुट्टी लागते. मुंबईची पाहुणेमंडळी सावर्ड्याच्या स्टेशनावर उतरतात, आणि फराळाची ताटे उचलली न उचलली तोच मुले विचारू लागतात, "काका, पोहायला कुठे जायचे?"

या प्रश्नाचे उत्तर देणे हे मी अलीकडे मोठ्या जबाबदारीचे काम समजतो. चकली-करंजीच्या शेजारी हा विषय काढणे कुणाला अप्रशस्त वाटेल. पण मुले पाण्याकडे धावतात ती सुट्टीतच, तेव्हा त्याविषयी बोलायचे तेही सुट्टीतच.

आमच्या लहानपणी पोहण्याचे शिक्षण बावीत होई. पाठीला सुका भोपळा बांधायचा, नाही तर पांगाऱ्याचा हलका ओंडका, आणि थोरल्या भावाने मागून ढकलून द्यायचे, एवढाच काय तो अभ्यासक्रम. नाकातोंडात पाणी जाई, डोळे लाल होत, आणि आठपंधरा दिवसांनी भोपळा सुटे. या पद्धतीचे गोडवे गाणारे गृहस्थ मला पुष्कळ भेटतात. "आमच्या वेळी कुठे होते हो तुमचे लाइफगार्ड?" असे ते मोठ्या अभिमानाने विचारतात.

होते की! त्यांना ते नाव नव्हते, इतकेच. आमच्या वाडीच्या बावीवर एक आजोबा येऊन बसत. कठड्याला टेकून, शेजारी रहाटाच्या जुन्या दोराचे वेटोळे आणि एक लांब बांबू ठेवून ते तंबाखू मळत. ते कुणाला पोहायला शिकवीत नसत. फक्त दर थोड्या वेळाने पाण्यातली डोकी मोजीत. एखादे कमी भरले की तंबाखू तशीच तळहातावर राही आणि आवाज येई, "पाचवा कुठं हाय रं?" पाचव्याने "ओ" देईपर्यंत बाकीच्यांनी हातपाय हलवायचे नाहीत, असा दंडक होता. पुढे मोठेपणी कळले, की आजोबांना स्वतःला पोहता येत नव्हते. त्या वेळी त्याचे हसू आले. आज मात्र वाटते, की आम्हां पोरांना वाचवले ते भोपळ्याने नव्हे, त्या मोजणीने.

मध्यंतरी घरोघर नळ आले. बावीवरची वर्दळ संपली. पुष्कळ बावींवर लोखंडी जाळ्या बसल्या, आणि ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर मुलांचे पोहणेही संपले. वर्गात एकदा मी सहज विचारले, "पोहायला कुणाकुणाला येते?" वर आलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजता आले. ज्या गावच्या मुलांनी पावसाळ्याचे चार महिने पाण्याच्या शेजारातच काढायचे, त्या गावची ही स्थिती.

पाणी मात्र कुठे गेले नाही. उलट नवे पाणी आले. जांभ्याचा चिरा यंत्राने कापून नेला, की मागे चौकोनी खड्डा उरतो. भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या, पायरी नाही, उतार नाही. पावसाळ्यात तो भरतो, पाणी निवळते, आणि दुरून पाहावे तर एखाद्या मोठ्या हॉटेलातला तरणतलावच! आत उतरलेल्या मुलाच्या पायाला तळ लागत नाही आणि शेवाळलेल्या भिंतीवर बोटांना पकड मिळत नाही.

अशाच एका सोडून दिलेल्या चिरेखाणीने काही वर्षांपूर्वी माझ्या हजेरीपटावरचे एक नाव नेले. बरोबर तीन मित्र होते. ते काठावरच होते, पाण्याकडे तोंड करून. त्यांतला एक मला पुढे म्हणाला, "सर, तो ओरडला नाही. आम्हांला वाटलं, बुड्या मारतोय." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्या पोरांची त्यात काहीच चूक नव्हती. बुडणारा माणूस कसा दिसतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

तो कसा दिसतो? आपण नाटक-सिनेमात पाहतो तसा तर मुळीच नाही. बुडणारे मूल हात उंचावून "वाचवा" म्हणत नाही. तोंड पाण्यावर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो; ओरडायला श्वास शिल्लकच नसतो. हात वर जात नाहीत, ते दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबीत राहतात. शरीर उभे, डोके मागे कललेले, डोळे कुठेच न लागलेले, आणि ते जागच्या जागी, शिडी चढल्यासारखे. हा झगडा फार तर वीस ते साठ सेकंद चालतो. त्यानंतर चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, की मेंदूला इजा होऊ लागते. भेळेच्या पुड्या आणायला जाऊन यावे, तेवढाच हा वेळ.

शहरातून आलेल्या पाहुण्यांना बावीची भीती वाटते आणि तरणतलावाची वाटत नाही, याची मला मौज वाटते. फरशी निळी, पाणी पारदर्शक, काठाला खुर्च्या. इथे काय व्हायचे? पण त्या तलावाचा तळ उतरता असतो. उथळ पाण्यात खेळत पुढे सरकणाऱ्या मुलाच्या पायाखालची फरशी केव्हा सुटली, ते त्याला कळतही नाही. हवेची रबरी कडी आणि दंडांवरचे फुगे ही खेळणी आहेत; ती उलटतात, निसटतात. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो, ती जाळी तुटकी असेल तर वेगळाच धोका. अमेरिकेत २००२ साली गरम पाण्याच्या एका कुंडात सात वर्षांची मुलगी अशाच ओढीने तळाला चिकटून राहिली. आईला ती ओढून काढता आली नाही. पुढे २००७ साली तिच्या नावाने कायदा झाला आणि सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. तेव्हा तलावाला चारही बाजूंनी कुंपण आहे का, फाटक आपोआप बंद होते का, तळाची जाळी धड आहे का, खोली कुठे लिहिली आहे का, हे खोलीचे भाडे विचारण्याआधी विचारावे. आणि खेळ संपला की पाण्यावर तरंगणारा चेंडू बाहेर काढावा. लहान मूल पाण्याला नव्हे, चेंडूला भुलते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांखालची मुले होती. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी २५ जुलै हा दिवस या प्रश्नासाठी नेमून दिला. पण मला दिवसापेक्षा बांगलादेशातल्या खेड्यांचे अधिक कौतुक वाटते. घराघरामागे पोखर, आणि सकाळी आया कामात गुंतलेल्या. मुले बुडत ती बहुधा त्याच वेळी. तिथे गावातल्याच एका बाईने सकाळच्या त्या चार तासांत वाडीतली लहान मुले एकत्र सांभाळावी, अशी व्यवस्था झाली. तिला नाव दिले 'आंचल', म्हणजे पदर. सहा वर्षांवरच्या मुलांना त्याच पोखरांत बांबूचा मांडव घालून पोहायला शिकवले. बुडण्याचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटले. यात महागडे यंत्र कुठेच नाही. आहे ती एक बाई, जिचे दुसरे काही काम नाही.

पदरावरून दुसरी गोष्ट आठवली. २०२० च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडू लागले. काठावर तीन बायका होत्या. त्यांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढले. उरलेले दोघे गेले. आपल्याकडे एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि वर्तमानपत्रात एकाच घरातली तीन नावे येतात. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो, मग तो बाप असला तरी. म्हणून आधी काठी पुढे करावी, दोर फेकावा, साडी फेकावी, रिकामा झाकणबंद डबा फेकावा; उडी शेवटी, आणि तीही शिकलेल्यानेच. मूल बाहेर आल्यावर त्याला उलटे धरू नये, पोट दाबून पाणी काढू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी, आणि दुसऱ्या कुणी तोवर १०८ ला फोन करावा. हे एका दुपारात शिकता येते.

मुलांना पाण्यापासून तोडावे असे मी म्हणत नाही. तसे केले तर कोकणात राहूनही ती पाण्याला परकी राहतील, आणि परक्याला धोका अधिक. त्यांना रीतसर पोहायला शिकवावे. पण ती पाण्यात असतील तोवर मोठ्यांपैकी एकाचे नाव मोठ्याने घेऊन ठरवावे, की आता पाहणारे तुम्ही. "सगळे आहोत की" याचा अर्थ पुष्कळदा कुणीच नाही असा होतो. त्याच्या हातात मोबाइल नको, पत्ते नकोत, वर्तमानपत्र नको, आणि हा दिवाळी अंकही नको. अर्ध्या तासाने दुसऱ्याने उठून त्याची जागा घ्यावी. फराळ त्याला नंतर गरम चहाबरोबर द्यावा. आणि तोवर त्याने फक्त डोकी मोजावी.