दापोलीला लाईट आहे का?

आमच्या टू बीएचकेमध्ये गेले काही महिने एक तिसरं माणूस राहतंय. त्याचं नाव एक्सेल शीट. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की नवरोबा लॅपटॉप उघडून बसतात आणि मला हाक येते, "अगं, जरा बघ ना, आता जमतंय!" काय जमतंय, तर गाडी. साधीसुधी नाही, लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही. आणि ही हाक मारली जाते तेव्हा दाराशेजारच्या खुंटीवर आमच्या २०१६ च्या स्विफ्टची किल्ली बिचारी मान खाली घालून लटकत असते.

त्याचं मन बसलंय बीएमडब्ल्यूच्या आयएक्स१ वर. जानेवारी २०२५ मध्ये आली, चेन्नईला बनते, आली तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ४९ लाख. जुलैमध्ये टेस्लाने बीकेसीत शोरूम थाटलं आणि मॉडेल वायची किंमत जवळजवळ ६० लाखांपासून सुरू झाली. त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये "त्या मानाने आपली स्वस्तच की" असं एक वाक्य बोललं गेलं. 'आपली'! मी फ्रीलान्स पत्रकार आहे. आठशे शब्दांच्या लेखाचे पैसे मला तीन महिन्यांनी मिळतात, तेही दोनदा फोन केल्यावर. ४९ लाखांना स्वस्त म्हणणारा माणूस आपल्याच घरात राहतो, हे पचवायला मला थोडा वेळ लागला.

पण प्रामाणिकपणे सांगते, त्याचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी फक्त ५ टक्के. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल एसयूव्हीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे एरवी लक्झरी गाडी घेताना जो पैसा कराच्या खिडकीत जातो तो इथे वाचतो. राज्य सरकारने मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या ई-गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा घाट घातला होता, पण त्याच महिन्यात तो मागे घेत असल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी नवऱ्याने ऑफिसमधून पेढे आणले होते. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ मध्ये ई-कारना टोल माफ झाला, तेव्हा पुन्हा पेढे. (आम्ही अटल सेतूवरून आजवर एकदा गेलोय. उबरने.)

आणि चालवायचा खर्च? आमचं महिन्याचं रनिंग साधारण १२०० किलोमीटर. कोथरूड ते हिंजवडी आणि वीकेंडची भटकंती धरून. मोठी पेट्रोल एसयूव्ही शहरात लिटरला बारा देते असं धरलं तर शंभर लिटर पेट्रोल, म्हणजे दहा हजारांच्या वर. इलेक्ट्रिकला त्याच अंतरासाठी दोनशेच्या आसपास युनिट. घरी चार्ज केली तर दोन-अडीच हजारांत काम. "महिन्याला आठ हजार वाचतात!" हे तो इतक्या आनंदाने सांगतो, जणू ते आठ हजार सध्या आपल्या खिशातून जातायत. अरे, आपल्याकडे पेट्रोल एसयूव्ही आहेच कुठे? स्विफ्टशी तुलना केली तर बचत चार-साडेचार हजारांवर येते. आणि समोर हप्ता किती? चाळीस लाखांचं लोन, ९ टक्के, सात वर्षं. महिना ६४ हजार. सात वर्षांत नुसतं व्याजच १४ लाख. पूर्वी ई-गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत इन्कम टॅक्सची सूट मिळायची, ती मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आम्ही तेव्हा लग्नाच्या हॉलचं बुकिंग करत होतो!

भांडण मात्र हप्त्यावरून झालं नाही. ते झालं एका कॉलमवरून. एके रात्री शीट खाली सरकवता सरकवता मला एक हेडिंग दिसलं : 'तिचे – फिक्स – ३५,०००'. माझे? फिक्स? ज्या महिन्यात तीन चेक आले तो महिना त्याने धरला होता आणि सात वर्षं खाली ओढला होता. डाउन पेमेंटच्या रकान्यात आमची १२ लाखांची एफडी अख्खी घातलेली. त्यातले चार लाख माझे. जाहिरातवजा लेख लिहून लिहून साठवलेले, एवढ्यासाठी की कधीतरी सहा महिने असले लेख बंद करून मनासारखं काहीतरी लिहिता यावं. हे त्याला माहीत होतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं. मी चिडून विचारलं, "आणि तुझा फिक्स कॉलम तरी किती फिक्स आहे रे?" जुलैमध्येच देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं होतं. त्याची कंपनी वेगळी आहे, पण त्या आठवड्यात त्याच्या मजल्यावर कुणी हसत नव्हतं म्हणे. त्याने लॅपटॉप मिटला. दोन दिवस आम्ही फक्त दुधाच्या पिशव्यांबद्दल बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातला मित्र देवासारखा धावून आला. तो महिनाभर सिंगापूरला चालला होता, त्याच्याकडे हीच गाडी, आणि ती नुसती उभी राहू नये अशी त्याची इच्छा. "घेऊन जा रे दोन-तीन दिवस, मग ठरवा." आम्ही ठरवलं, दापोली. नवऱ्याचं घर. बाबा-आई तिथेच असतात. शोरूमवाल्याबरोबर बाणेर रोडवर मारलेल्या दहा मिनिटांच्या चकरेपेक्षा ही टेस्ट खरी.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. ते एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. नवरा लहानपणी सुट्टीत त्यांच्या केबिनमध्ये बॉनेटवर बसून घाट उतरलाय. त्याच्या बोलण्यातून मला हळूहळू कळलेली गोष्ट अशी : मागून एखादी भारी गाडी हॉर्न वाजवत आली की बाबा लाल डबा निमूटपणे डावीकडे घ्यायचे, आणि ती गाडी सुळकन पुढे निघून जायची. तो त्या गाड्यांचे नंबर वहीत लिहून ठेवायचा. एवढंच. यापलीकडे तो काही बोलत नाही, पण एक्सेल शीटमध्ये जो कॉलम नाही तो हा असावा असं मला वाटतं.

शनिवारी पहाटे निघालो. मित्राने १०० टक्के चार्ज करून ठेवली होती. कंपनी ५३१ किलोमीटर सांगते, मित्र म्हणाला चारशेच्या आत धरा. गाडीबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. आवाज नाही, धक्का नाही. ताम्हिणीत मला नेहमी उलटीसारखं होतं, या वेळी मी चक्क डबा उघडून पोळीची गुंडाळी खाल्ली. आणि गंमत म्हणजे घाट उतरताना बॅटरीचा आकडा एका टक्क्याने वाढला! उताराला चाकांनी फिरणारी मोटरच वीज तयार करते, हे वाचलेलं असतं, पण समोर आकडा वर जाताना बघणं म्हणजे हापूसच्या पेटीत एक आंबा जास्त निघाल्यासारखं. माणगाव, मंडणगड करत पोचलो तेव्हा ५६ टक्के उरले होते. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आणि जाताना उतार. परतीला तोच घाट चढायचा. म्हणजे ५६ टक्क्यांत परत निघणं हे जिवाशी खेळणंच.

आईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला. पुढच्या चाकापाशी लिंबू ठेवायला निघाल्या तेव्हा नवरा म्हणाला, "आई, आपली नाही गो ही!" बाबा मात्र काही न बोलता गाडीभोवती एक चक्कर मारून आले, वाकून खाली बघितलं, डिकी उघडायला लावली. पहिला प्रश्न : "स्टेपनी कुठाय?" आम्ही शोधली. पंक्चर दुरुस्तीचं किट मिळालं. "म्हणजे मंडणगडच्या अलीकडे टायर फाटला तर?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मग चार्जर लावला. मित्राने दिलेला, पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसणारा. आईंचा गीझर काढून तिथून वायर ओढली. गाडी तांबडा दिवा दाखवून ढिम्म. पुन्हा लावला, पुन्हा तांबडा. अर्ध्या तासाने कळलं की घराला अर्थिंगच धड नाही. गीझर, मिक्सर, टीव्ही यांनी चाळीस वर्षं काही तक्रार केली नव्हती. ही बाई मात्र अर्थिंग नसेल तर वीजच घेत नाही. सेफ्टीसाठी बरोबरच आहे ते. बाबांनी ओळखीच्या वायरमनला फोन लावला. तो संध्याकाळी आला, परसात खड्डा खणला, त्यात कोळसा, मीठ, मध्ये पाइप. सगळं झालं, हिरवा दिवा लागला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि वीस मिनिटांत लाईट गेली! रात्री अकराला आली.

त्या अंधारात अंगणात बसलो असताना माझ्या मनात जे आलं ते मी बोलले नाही, पण तेच नवऱ्याच्याही मनात असणार. जुलैमध्ये रात्री दोनला आईंचा फोन आला होता. बाबांच्या छातीत दुखत होतं. धो धो पाऊस. आम्ही स्विफ्ट काढली. टाकी अर्धी होती, वाटेत एका पंपावर चार मिनिटांत फुल्ल केली आणि उजाडता उजाडता पोचलो. तोवर शेजाऱ्यांनी बाबांना चिपळूणला हलवलं होतं, तसेच पुढे गेलो. अँजिओप्लास्टी झाली, बाबा ठणठणीत आहेत. पण त्या रात्री खाली पार्किंगमध्ये २० टक्क्यांवरची गाडी उभी असती तर? वाटेत चार्जर आहेत, नाहीत असं नाही. पण तो चालू असेल का, आधी कुणी लावून झोपलं असेल का, आणि पावसात लाईट असेल का? रात्री दोनला हे तीन प्रश्न विचारायची ताकद माझ्यात नाही. "रोज रात्री फोनसारखी चार्जिंगला लावायची, मग २० वर येतेच कशी?" हा नवऱ्याचा मुद्दा. बरोबर आहे. पण त्यासाठी रोज रात्री लावायला जागा हवी ना!

आणि जागेचं असं, की आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग. मीटर रूमपासून आमचा स्लॉट चाळीस मीटर लांब. सेक्रेटरी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आज तुम्ही मागाल, उद्या वीस जण मागतील. ट्रान्स्फॉर्मर कुणाचा?" आधी मला राग आला. नंतर हिशेब केला : घरचा चार्जर सात किलोवॉटच्या आसपास. रात्री असे वीस एकदम लागले तर १४० किलोवॉट. काका अगदीच चुकीचे नाहीत. विषय जनरल बॉडीत येणार आहे. आमची जनरल बॉडी गेल्या वर्षी लिफ्टमधल्या आरशावर दोन तास चालली होती.

रविवारी सकाळी बाबांनी गाडी चालवली. हर्णैपर्यंत. (मित्रा, तू हे वाचत असशील तर सॉरी. एक ओरखडा नाही, शपथ.) शोरूमवाला आम्हाला 'रिजनरेटिव्ह ब्रेकिंग' समजावताना घामाघूम झाला होता. बाबांनी पहिल्याच उताराला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडी आपोआप आवरली, आणि ते म्हणाले, "म्हणजे गिअरमध्ये धरून उतरवतो तसंच की! ब्रेक तापत नाय." संपलं लेक्चर. मग त्यांनीच आम्हाला सांगितलं की एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली आणि पहिली विजेवरची शिवाईसुद्धा २०२२ साली १ जूनलाच, त्याच रस्त्यावर. "पण तिला डेपोत चार्जर होता रे. आधी डेपो, मग गाडी."

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत उभे होतो. नवऱ्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, घेऊ का?" बाबा म्हणाले, "गाडी छान आहे. तुला पाहिजे तर घे. मला दाखवायला घेऊ नको." एवढं बोलून ते सुरमईचा भाव विचारायला पुढे गेले. नवरा बराच वेळ समुद्राकडे बघत होता. मी त्याच्या हातातली किल्ली घेतली, कारण ती पडेल असं वाटलं.

दुपारी ८४ टक्के झाल्यावर निघालो. घाट चढताना आकडा भराभर उतरत होता आणि आम्ही एसी बंद करून बसलो होतो. ४९ लाखांच्या गाडीत, खिडक्या उघड्या टाकून! पुण्यात पोचलो तेव्हा ३१ उरले होते, म्हणजे एसी चालला असता. घाटात त्याने विचारलं, "तुझे चार लाख नक्की कशासाठी होते?" लग्नाला दोन वर्षं झाली, पण हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. पौडपर्यंत मी बोलत होते.

जर्मन गाडी आम्ही बुक केलेली नाही. शोरूमवाला अजून दर शुक्रवारी फोन करतो, 'मॅम' म्हणतो, बिचारा चांगला आहे. नवऱ्याचं घोडं आता महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई आणि टाटाच्या हॅरियर ईव्हीवर आलंय. दोन्ही बाजारात आल्या त्या वीस-बावीस लाखांपासून, आणि पहिल्या मालकाला बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी. बीएमडब्ल्यूची आठ वर्षांची आहे. लक्झरी नाही म्हणे, पण आमच्या स्विफ्टला विचारा! एफडी ऑक्टोबरमध्ये मोडायची होती, ती दोन तुकडे करून रिन्यू केली. एकावर माझं नाव आहे. शीटमध्ये माझ्या कॉलमचं हेडिंग आता 'तिचे – आले तर' असं आहे. गाडीचा निर्णय सोसायटीच्या मीटिंगनंतर.

दापोलीला मात्र तयारी पूर्ण झालीय. अर्थिंगचा खड्डा ओला ठेवायचा असतो असं वायरमन सांगून गेला, तेव्हापासून बाबा रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या तिथे ओततात. आई फोनवर माझ्याकडे तक्रार करतात, "बघ गो, खड्ड्याची पूजा चाललेय!" आणि मागून बाबांचा आवाज येतो, "विचार तिला, मीटिंग झाली का?"