पुन्हा पहिलीत

गेले चार महिने शनिवार-रविवारी माझा फोन लागत नव्हता, त्याबद्दल आधी सगळ्यांची माफी मागतो. या काळात मी दोन लग्नं, एक साखरपुडा आणि सिंहगडाच्या किमान तीन ट्रिपा बुडवल्या. कारण असं की अठ्ठाविसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगची डिग्री आणि सहा वर्षांची नोकरी पदरात असताना, मी पुन्हा शाळेत जात होतो. सायबर सिक्युरिटीचा बूटकँप. सोळा आठवडे, शनिवार-रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मध्ये वडापावपुरती सुट्टी.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं? तर सहा वर्षं एकाच प्रोजेक्टवर होतो. क्लायंटला रिपोर्ट काढून देणारी वेब पानं बनवायची, त्यांनी रंग बदलायला सांगितला की रंग बदलायचा, पुढच्या महिन्यात पहिलाच रंग बरा होता म्हणाले की परत बदलायचा. मग एका मंगळवारी आमच्या शेजारच्या रांगेतली आठ माणसं मीटिंगला म्हणून गेली आणि थेट बॅगा घ्यायलाच परत आली. त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याला नक्की काय येतं, असा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर द्यायला फारच वेळ लागला.

फी होती ८५ हजार, नऊ हप्त्यांत. घरी सोलापूरला फोन केला. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू आता चोर पकडणार?"

"नाही बाबा, कुलपं नीट लागलीत का ते बघणार."

"मग बरंय. गाडी सुटायच्या आधी कुणीतरी बघायलाच पाहिजे," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. आईने फक्त जेवणाचं विचारलं.

पहिल्या दिवशी वर्गात बावीस जण होते. एक बँकेतले क्लार्क, दोन मेकॅनिकलवाले, शाळेत कंप्युटर शिकवणाऱ्या एक बाई आणि टोपीचा जर्किन घालून आलेला एक कॉलेजकुमार, जो बहुतेक सिनेमे बघून आला होता. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. आपण आयटीतले, आपल्याला काय अवघड!

सरांनी पहिलाच प्रश्न मला टाकला. "ब्राउझरमध्ये एखाद्या साइटचा पत्ता लिहून एंटर दाबला, की पान दिसेपर्यंत काय काय होतं?"

मी म्हटलं, "सर्व्हरला रिक्वेस्ट जाते आणि पान येतं."

"आणि त्याच्या आधी?"

त्याच्या आधी मी गप्प. नावावरून नंबर शोधणारं डीएनएस, मग दोन मशीनची तीन टप्प्यांची ओळखपरेड, मग कुलूपबंद बोलण्यासाठी टीएलएसच्या किल्ल्यांची देवाणघेवाण... हे सगळं मी सेकंड इयरला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि पेपर झाल्यावर कँटीनमध्ये सोडून आलो होतो. उरलेलं उत्तर शाळेतल्या बाईंनी दिलं. कॉलर आपोआप खाली आली.

पहिले चार आठवडे नेटवर्क आणि लिनक्स. एकाच लॅपटॉपच्या पोटात तीन-तीन खोटी मशीन चालवायची, एकावरून दुसऱ्यावर हल्ला करायचा आणि तिसऱ्यावर बसून तो बघायचा. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर पापड भाजता आले असते. एनमॅप नावाचं टूल शिकलो. समोरच्या मशीनची कुठली दारं उघडी आहेत ते ठोठावून बघतं. १९९७ पासून आहे आणि अजून रोज वापरलं जातं. 'द मॅट्रिक्स रिलोडेड' मध्ये ट्रिनिटी वापरते ते हेच, हे ऐकल्यावर कॉलेजकुमाराचे पैसे तिथेच वसूल झाले. माझे वसूल झाले वायरशार्कवर. साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपी पानावर मी पासवर्ड टाकला आणि तो शेजारच्या खिडकीत जसाच्या तसा, अक्षरन् अक्षर वाचता आला. पोस्टकार्डावर पासवर्ड लिहून पाठवल्यासारखं.

फळ्यावर एक वाक्य मात्र सर दर शनिवारी लिहायचे आणि पुसू द्यायचे नाहीत : 'लेखी परवानगी आहे का?' आयटी कायदा २००० चा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कंप्युटरमध्ये शिरलात तर कलम ४३ खाली भरपाई, आणि तेच लबाडीने केलंत तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी फक्त बघत होतो," हे उत्तर शाळेतही चालायचं नाही आणि इथेही चालत नाही.

एक तास कॉसमॉस बँकेवर झाला. पुण्यातली बँक म्हणून सगळेच सरसावून बसले. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. खोटी कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. पैसे द्यायचे की नाही हे बँकेच्या यंत्रणेला विचारलं जायला हवं, पण चोरांनी मध्ये स्वतःचीच यंत्रणा बसवली होती आणि ती प्रत्येक वेळी 'द्या' म्हणत होती. तिजोरी कुणी फोडली नव्हती. योग्य माणसाला विचारलं गेलं नव्हतं, इतकंच.

हे 'विचारलं गेलं नव्हतं' नवव्या आठवड्यात माझ्याच अंगावर आलं.

त्या शनिवारी एसक्यूएल इंजेक्शन होतं. म्हणजे पानावरच्या रिकाम्या चौकटीत नावाऐवजी एक अवतरणचिन्ह आणि पुढे डेटाबेसला कळणारा हुकूम लिहायचा. प्रोग्रामरने ते न तपासता आपल्या वाक्याला चिकटवलं असेल, तर डेटाबेस तो हुकूमही इमानदारीत पाळतो. ही युक्ती १९९८ मध्ये छापून आलेली आहे, म्हणजे मी बालवाडीतही नव्हतो तेव्हा. उपायही जुनाच : प्रश्न वेगळा पाठवा, माहिती वेगळी पाठवा. रविवारी त्याहून सोपा प्रकार. पत्त्याच्या शेवटी बिलाचा नंबर असतो, तो ५०१ चा ५०२ करायचा. दुसऱ्याचं बिल दिसलं, तर सर्व्हरने 'हे तुझंच आहे का?' असं विचारलेलंच नाही. ओवास्प संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिला नंबर या गटाचा होता.

सगळे हसत-खिदळत नंबर बदलत होते. माझ्या पोटात मात्र गोळा आला. कारण अगदी असंच एक पान मी लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी संध्याकाळी. क्लायंटच्या डीलर लोकांना आपापली बिलं दिसावीत म्हणून. क्लायंट घाईत होता, मी सोलापूरची गाडी पकडायच्या घाईत होतो.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. ते पान चालू आहे, माझ्याकडे लॉगिन आहे, एक नंबर बदलायचा, दोन सेकंदांचं काम. बोट एंटरवर आलं आणि फळ्यावरचं वाक्य आठवलं. क्लायंटच्या चालू सिस्टिमवर हे करून बघायची परवानगी मला कुणी दिली होती? नाही दाबलं. सोमवारी ऑफिसात जाऊन कोड उघडला, तो बघायचा तर मला हक्क होता. शंकेला जागाच नव्हती. नंबर घेतला, वाक्याला चिकटवला, बिल दाखवलं. कुणाचं, ते विचारलंच नव्हतं. म्हणजे शनिवारचा आणि रविवारचा, दोन्ही धडे एकाच पानात. वर कॉमेंटमध्ये दिमाखात माझं नाव.

आता खरं सांगतो. पहिला विचार आला तो गुपचूप दुरुस्त करून टाकण्याचा. पुढच्या रिलीजमध्ये 'किरकोळ बदल' या नावाखाली पाच ओळी ढकलल्या असत्या, तर कुणाला पत्ता लागला नसता. अप्रेझलचा महिना. शेजारच्या रांगेतल्या आठ खुर्च्या अजून रिकाम्याच. आणि मी तिथे जाऊन काय सांगणार, की ज्या विषयात मला नवीन करिअर करायचंय त्यातली पहिलीतली चूक मीच केली आहे?

रात्री बाबांना सांगितलं. त्यांना डेटाबेस कळला नसेल, बाकी सगळं कळलं. म्हणाले, "एकदा पुण्याची गाडी सोडल्यावर मला आठवेना, मागच्या चाकाचे नट मी आवळले की नाही. मोहोळ स्टँडला फोन करून गाडी थांबवायला लावली. नट घट्टच निघाले. मला मेमो मिळाला, वर वर्षभर लोक चिडवत होते."

"मग?"

"मग काय? तुझी गाडी अजून रस्त्यावरच आहे ना?"

मंगळवारी सकाळी मॅनेजरसमोर जाऊन बसलो. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "कुणी लिहिलंय हे?"

"मी."

बराच वेळ फक्त एसीचा आवाज. मग फोनाफोनी सुरू झाली. पान दुपारी बंद केलं, क्लायंटला कळवलं. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली आणि तपासणीला दोन दिवस. पुढचा प्रश्न : या चार वर्षांत कुणी नंबर बदलून बघितलं असेल का? सर्ट-इनच्या २०२२ च्या नियमांमुळे १८० दिवसांचे लॉग ठेवलेले होते. ते मी आणि अजून एकाने बसून पालथे घातले. एकाच लॉगिनने दुसऱ्या डीलरची बिलं मागितली आहेत का, ते शोधत होतो. सापडलं नाही. म्हणजे १८० दिवसांत नाही. त्याआधीच्या साडेतीन वर्षांचं कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. ते तेवढं माझ्याबरोबर राहणार.

मॅनेजर दोन आठवडे कामापुरतंच बोलला. अप्रेझल यथातथाच झालं. पण एका दुपारी त्याने स्वतःहून माझ्याकडे दुसऱ्या दोन पानांचा कोड पाठवला आणि खाली लिहिलं, 'जरा बघ.' त्यातल्या एकात तेच सापडलं. ते पान ज्याने लिहिलं, त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो आणि आधी माझं पान दाखवलं, मग त्याचं. त्याचा चेहरा पडला तेव्हा मला बरोबर कळलं की पोटात कुठे गोळा येतो.

बूटकँप संपला. सर्टिफिकेट मिळालं. जे कुणी असा कोर्स करायचा विचार करताहेत त्यांना अनुभवाचे बोल सांगतो : सर्टिफिकेटने नोकरी मिळत नाही, फार तर मुलाखत मिळते. मला तीन मिळाल्या. जिथे जमलं तिथे सुरुवातीची जागा आहे. स्क्रीनवर येणारे इशारे बघायचे, त्यातले बहुतेक खोटे, कुणीतरी आपलाच पासवर्ड पाच वेळा चुकवलेला. खरा एखादाच, तो निसटू द्यायचा नाही. महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. पगार आत्तापेक्षा चोवीस टक्के कमी. फीचे चार हप्ते अजून बाकी आहेत.

तरी हो म्हटलंय. एक तारखेपासून जातोय. बाबांना रात्रपाळीचं सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. डेपोतली त्यांची अर्धी नोकरी रात्रपाळीतच गेली. पहाटे तीन ते चार सगळ्यात वाईट, तेव्हा खुर्चीतून उठून चालायचं, चहा साडेतीनला घ्यायचा, त्याआधी घेतला तर पुरत नाही, अशी बरीच तांत्रिक माहिती त्यांनी दिली. ती कुठल्याच बूटकँपमध्ये मिळाली नव्हती. लिहून ठेवली आहे.

असो. ज्यांची लग्नं बुडवली, त्यांनी जेवायला बोलवावं. शनिवार सध्या मोकळा आहे.