सल्ला द्यायचा नाही!

लोणावळ्याच्या पावसावर लिहिणारे बहुतेक लोक लोकलने येऊन संध्याकाळी पुण्याला परतणारे असतात. जून ते सप्टेंबर तिथं मुक्काम ठोकून असलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? धुकं थेट स्वयंपाकघरात येतं, पापडांना बुरशी धरते आणि मुलं न्यू जर्सीला. अशा वेळी आम्ही 'मन उदास आहे' असं म्हणत नाही. आमच्या पिढीत मन फक्त नाट्यपदांत असे. आम्ही म्हणतो, 'कंबर धरलीय, झोप नाही, गॅसेस फार.' उतारवयातलं डिप्रेशन पुष्कळदा असं पाठीच्या नि पोटाच्या वाटेनंच येतं, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला तीस प्रश्नांचा कागद दिला. १९८२ साली अमेरिकेत येसावेज आणि मंडळींनी खास म्हाताऱ्यांसाठी काढलेला. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. एवढ्या जागेत मराठी माणूस मावतो होय? मी प्रत्येक 'हो'पुढे 'पण' घालून समास भरून टाकला. बाईंनी गोळ्या दिल्या (त्या अजून चालू आहेत) आणि म्हणाल्या, "काका, दर बुधवारी गटात या."

आठ खुर्च्या, गोल मांडलेल्या. कल्पना जुनीच, १९०५ साली बोस्टनला डॉ. जोसेफ प्रॅट क्षयरोग्यांचे असे वर्ग भरवीत. नियम दोन. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. हे सोपं; घरी ऐकायला उरलंय कोण? दुसरा नियम : कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. इथं मात्र आम्ही खलास! निवृत्त माणसाकडे सल्ल्याखेरीज द्यायला असतं काय? आमच्यातल्या हेडबाई तर पदराचा बोळा तोंडाशी धरून बसत.

एक स्टेशनमास्तर तीन बुधवार गप्प होते. चौथ्या बुधवारी म्हणाले, "ही गेल्यापासून मी रोज दोन कप चहा करतो. एक मोरीत ओततो."

सात तोंडं उघडली आणि मिटली. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. बऱ्याच वेळानं हेडबाई म्हणाल्या, "मी यांच्या चपला अजून दारात ठेवते. विचारलं तर सांगते, चोरांसाठी आहेत."

मास्तर हसले. मग डोळे पुसले, मग पुन्हा हसले.

पुढच्या बुधवारी त्यांनी सगळ्यांसाठी थर्मास आणला. चहा अगदीच पाणचट होता. आल्याबद्दल आणि पावडरीबद्दल मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण नियम म्हणजे नियम. मी दुसरा कप मागून घेतला.