जात कुठली, चव कुठली?

आजीने अकलूजहून आणलेली द्राक्षाची काडी टिटवाळ्याच्या आमच्या अंगणात रुजली खरी. पण इथल्या दमट हवेत पानांवर भुरी पडली. एक मणी धरला नाही. आजी खट्टू झाली.

पुढे मामाकडे गेलो, तेव्हा अकलूजजवळ २००७ साली सुरू झालेल्या ‘फ्रातेल्ली’चा मळा पाहिला. इटलीतील तस्कनीची ‘सांजोवेजे’ द्राक्षे तिथे होती! तिकडे ती शरदात पिकतात. इथे पावसाळा सरताना छाटणी नि तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. निचऱ्याची जमीन, तुटपुंजा पाऊस, तापते दिवस, गार रात्री. यांवरच तांबड्या वाइनचा रंग नि आंबटपणा ठरतो. वेल इटलीची, चव अकलूजची!

घरी येऊन आजीला हे सांगितले. ती म्हणाली, “मग ४० वर्षे टिटवाळ्यात राहिलेली मी कुठली रे?”

मला उत्तर देता आले नाही.